उतरंडीची टाळी

१

शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी राधाकिशन मेला. एप्रिल २०१६, केजच्या बाहेरचा माळ, उजेड विद्युत यंत्र सहकारी संस्थेची चाचणीची शेड. त्याचा उजवा हात तांब्याच्या पट्टीवर होता, डावा लोखंडी चौकटीवर. ओरडायला वेळ मिळाला नाही. शेडमध्ये दुसरा एकच माणूस होता, त्याच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला त्रिंबक. पलीकडच्या खोलीतून बायनाबाई धावत आल्या तेव्हा राधाकिशन खाली पडलेला होता आणि त्याच तांब्याच्या पट्टीवर अर्थिंगची काठी अडकवलेली होती.

पुढचे तीन दिवस बोलणं झालं ते या काठीबद्दल.

संस्थेचं मूळ काम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे त्यांत तांब्याची तार नव्याने गुंडाळण्याचं. दुष्काळात ते बसलं. पाणीच नाही तर मोटार चालत नाही, आणि न चालणारी मोटार जळत नाही. अशा वेळी परराज्यातल्या एका संशोधन संस्थेचं काम हाती आलं. सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा सुटते. ते पृथ्वीवर करता येईल का, याचे तिथे प्रयोग चालतात. इतका तापलेला वायू कुठल्याही भांड्यात राहत नाही. त्याला चुंबकाच्या वेटोळ्यांनी अधांतरी धरावं लागतं. त्या वेटोळ्यांना क्षणभरच, पण इतका प्रवाह लागतो की तो थेट तारेवरून ओढला तर तालुक्याचे दिवे जातील. म्हणून वीज कपॅसिटरच्या डब्यांत सावकाश भरायची आणि पापणी लवायच्या आत सगळी सोडायची. ते डबे चौकटीत एकावर एक रचून, जोडून, तपासून देण्याचं काम उजेडकडे होतं. मोटारी भरणाऱ्या माणसांनी या रचनेला स्वतःचं नाव दिलं होतं, उतरंड.

चाचणी झाली तरी उतरंडीत वीज शिल्लक राहते. म्हणून हात लावण्याआधी लांब लाकडी काठी पट्टीवर टेकवायची. काठीच्या टोकाला पितळी आकडा, आकड्यापासून जाड तार, ती भिंतीतून बाहेर जाऊन मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरलेली. काठी टेकली की उरलेली वीज खड्ड्यात जाते आणि फट्‌ असा आवाज होतो. संस्थेत त्याला टाळी म्हणत. टाळी झाली की काठी तिथेच अडकवायची आणि मग हात घालायचा.

काठी अडकवलेली असताना माणूस मरू शकत नाही, हे संस्थेत झाडणाऱ्यालाही ठाऊक होतं. अध्यक्ष सर्जेराव यांनी फिर्यादीत तेच लिहून दिलं: माणूस मेला, म्हणजे तेव्हा काठी नव्हती; ती नंतर अडकवली गेली, आणि अडकवणारा शेडमध्ये एकच होता. त्याच दुपारी पाण्याच्या टाकीजवळ राधाकिशन आणि त्रिंबक यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्रिंबकला संध्याकाळीच उचललं. सदोष मनुष्यवध. शनिवारी कोर्टाने सोमवारपर्यंत कोठडी दिली. विजेने माणूस मेला की विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. तो सोमवारी सकाळी हवा होता. काठीचं कोडं त्या अहवालात सुटलं नाही, तर त्रिंबक खुनी ठरणार होता.

२

विद्युत निरीक्षक सत्यभामा ओव्हाळ बीडहून निघाल्या, मांजरसुंब्याला चहा घेतला आणि शनिवारी दहाच्या सुमारास संस्थेत पोचल्या. पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. फाटकापाशी सर्जेराव स्वतः उभे होते. आधी चहा, मग नाष्टा, मग शेड, असा त्यांनी बेत सांगितला. बाईंनी आधी खड्डा दाखवायला सांगितला.

सर्जेराव थांबले नाहीत, उलट पुढे झाले. शेडच्या मागे विटांचा चौकोन, मधोमध जमिनीतून वर आलेला लोखंडी नळ, नळाच्या तोंडावर पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यावर झाकण म्हणून खापराचा तुकडा. चौकोनातली माती काळी ओली होती. भोवतीचा माळ भाजलेल्या पापडासारखा असताना तेवढाच तुकडा ओला.

"बघा मॅडम," सर्जेराव म्हणाले. "माणसाला प्यायला न्हाई, पण आमी खड्ड्याला रोज पाजतो. दोन घागरी. चौघांच्या पाळ्या लावल्यात. नियम म्हंजे नियम."

अर्थिंगचा खड्डा ओला लागतो. मीठ-कोळसा घालून पुरलेला नळ ओल्या मातीतच वीज सोडू शकतो. माती वाळली की वाट बंद. म्हणून उजेडमध्ये चाचणीच्या शेडमधले चौघे, राधाकिशन, त्रिंबक, कोठारावरचा धोंडीराम आणि वेटोळ्यांना पट्टी गुंडाळणाऱ्या बायनाबाई, आपापल्या पाळीला कुलपात ठेवलेल्या टाकीतून दोन घागरी भरून खड्ड्याला घालत. घागरींवर संस्थेचं नाव लाल रंगाने लिहिलेलं होतं, म्हणजे त्या कुणाच्या घरी जाऊ नयेत.

सत्यभामाबाईंनी खापर उचललं, आत पाहिलं. नरसाळ्याच्या गळ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, सुकून दगड झालेलं, एका बाजूला बारीक गोल भोक पडलेलं. त्यांनी खापर होतं तसं परत ठेवलं आणि पेटीतून मोजण्याचं यंत्र काढलं. दोन खुंट्या दूर रोवल्या, तारा जोडल्या, हँडल फिरवलं.

काटा सरकत सरकत पार टोकाला गेला आणि तिथेच राहिला. ओल्या दिसणाऱ्या मातीत पुरलेला तो नळ वीज घ्यायला तयार नव्हता.

"यंत्र जुनं दिसतंय तुमचं," सर्जेराव म्हणाले.

३

कोठडीत त्रिंबक भिंतीला टेकून बसला होता. बाई आल्यावर उभा राहिला. शुक्रवारचं त्याने जसं झालं तसं सांगितलं. चार्जिंग बंद केलं, बटण दाबलं, पॅनलवरचा काटा शून्यावर आला. तो काटा चार्जरचा, उतरंडीचा नव्हे; म्हणूनच काठी. काठी राधाकिशनने घेतली, टेकवली, अडकवली. टाळी झाली नाही.

"मग?"

"मग तो म्हणला, टाळी न्हाई म्हंजे रिकामीच हाय. आन्‌ हात घातला. मी म्हणेपर्यंत झालं."

"काय म्हणणार होतास?"

तो पुन्हा भिंतीला टेकला.

बाईंनी दुपारच्या भांडणाचं विचारलं. कशावरून झालं? त्रिंबकने जमिनीकडे पाहत सांगितलं की आठवत नाही. शुक्रवारी खड्ड्याची पाळी कुणाची होती? तेही आठवत नाही. चौघांच्या पाळ्या, ठरलेले वार, आणि वीस वर्षं विजेचं काम केलेल्या माणसाला वार आठवत नाही. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं की खड्डा कोरडा आहे हे त्यांनी मोजून पाहिलं आहे. काठी आधी लावूनही माणूस मरू शकला असता. पण खड्डा कोरडा असल्याचं त्रिंबकला माहीत होतं आणि तरी त्याने राधाकिशनला हात घालू दिला, असं कुणी म्हणालं तर?

त्रिंबकने पहिल्यांदा वर पाहिलं.

"मॅडम, खड्डा कोरडा हाय हे तुमी लिवा. कोण चुकलं ते लिवू नका."

"मग तू इथंच राहशील."

"ऱ्हाईन."

बाहेर आल्यावर फौजदारांनी त्यांना एक नवी गोष्ट सांगितली. सर्जेरावांचा आत्ताच फोन आला होता. धोंडीरामला आठवलं होतं म्हणे: शुक्रवारची पाळी त्रिंबकची होती.

४

धोंडीराम जाडजूड, हसतमुख, कोठाराची किल्ली करदोट्याला बांधणारा. त्याने तोच जबाब पुन्हा दिला आणि देताना तीनदा घाम पुसला. बाईंनी उलट काही विचारलं नाही. फक्त खड्ड्याला पाणी कसं घालतात ते दाखव म्हणाल्या. रिकामी घागर घेऊन तो गेला, खापर उचलायला हात पुढे केला, आणि थबकून बाईंकडे पाहिलं.

"नरसाळ्यातूनच ना?" बाईंनी विचारलं.

"नळातूनच खाली जातं ना ते," धोंडीराम म्हणाला. "वर टाकून काय उपेग? वरचं उन्हानं उडून जातंय."

बायनाबाई वेटोळ्याला पट्टी गुंडाळत बसल्या होत्या. मेलेल्या माणसाचं काम पुढच्या आठवड्यात पाठवायचं होतं, म्हणून शेड चालू होती. त्यांना टाळीचं विचारलं. शुक्रवारी ऐकू आली नाही, असं त्या म्हणाल्या. पोलिसांनाही तेच सांगितलं होतं, आणि त्याचा त्रिंबकला काही उपयोग झाला नव्हता. राधाकिशन काठी न लावता मेला असता, तर उतरंड त्याच्या अंगातूनच रिकामी झाली असती. मग नंतर लावलेल्या काठीलाही टाळी होणार नव्हती. शुक्रवारची टाळी कुणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हती.

"शुक्रवारचं सोडा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी?"

बायनाबाईंचे हात चालत राहिले. होळीपर्यंत टाळी अशी व्हायची की मांडीवरचं वेटोळं दचकायचं, असं त्यांनी सांगितलं. मग बारीक झाली. मग चुलीतलं लाकूड तडकावं इतकी. मागच्या दोन-तीन चाचण्यांना ती झाली का नाही, ते त्यांना सांगता येईना.

"कुणाला बोललात?"

"न्हाई."

"कावून?"

बाईंनी त्यांच्याच बोलीतला शब्द वापरला तेव्हा बायनाबाईंचे हात थांबले. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढून घेतला, दारात सासरा आल्यासारखा.

संध्याकाळच्या आधी सत्यभामाबाई राधाकिशनच्या घरी गेल्या. सुतकाचं घर, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. आत बाजेवर त्याची लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली, कुशीत आठवड्याचं बाळ. विधवा सरूबाई दाराशी आल्या आणि चौकटीत उभ्या राहिल्या. त्रिंबकनंच मारलं, एवढंच त्यांनी सांगितलं. वीस वर्षं एका डब्यात जेवले आणि त्यानंच मारलं. कशासाठी, असं विचारल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. शुक्रवारी दुपारी राधाकिशन जेवायला घरी आला होता का, या प्रश्नाला त्या आधी हो म्हणाल्या, मग नाही म्हणाल्या.

आत लेकीने पाणी मागितलं. सरूबाईंनी शेजारणीला हाक मारून तिच्या घरून तांब्या मागवला. दारातून त्या हलल्या नाहीत. पण वाकून तांब्या घेताना त्यांच्या पदरामागे कोपरा दिसला. तिथे ताटलीने झाकलेली घागर होती, गळ्यापर्यंत ओली. घागरीवर लाल अक्षरं होती.

५

रविवारी सकाळी सत्यभामाबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. सर्जेराव, धोंडीराम, बायनाबाई. फौजदार त्रिंबकला घेऊन आले. सर्जेरावांना हे आवडलं नाही आणि त्यांनी ते हसत हसत सांगितलं.

"मॅडम लई कष्ट घ्यायल्या. घेणारच. आपल्या माणसासाठी जीव तुटतोच की."

त्रिंबक वाघमारे आणि सत्यभामा ओव्हाळ. आडनावांवरून काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. धोंडीरामने खाली पाहिलं.

"खड्ड्याला जात नसते, सर्जेराव आप्पा," बाई शांतपणे म्हणाल्या. "ओल असते किंवा नसते. बघूया."

त्यांनी उतरंड थोडीच भरायला लावली, माणसाला झटका बसेल पण जीव जाणार नाही इतकी. थेट पट्टीवर मीटर जोडलं. मग स्वतः काठी उचलून पट्टीवर टेकवली. टाळी झाली नाही. काठी अडकवली आणि सगळ्यांना मीटरकडे बघायला सांगितलं. काटा खाली येत होता, पण कसा, तर उन्हात सांडगे वाळतात तसा, अगदी सावकाश. कुणीतरी खोकलं. काटा अजून अर्ध्यावरसुद्धा आला नव्हता.

काठी आधीच लावलेली असूनही माणूस मरू शकतो, हे आता सांगायची गरज उरली नाही. टाळी झाली नाही ती उतरंड रिकामी होती म्हणून नव्हे. वीज जायला वाट नव्हती. मग राधाकिशनने एक हात पट्टीवर आणि दुसरा चौकटीवर ठेवला, आणि कोरड्या मातीपेक्षा बरी वाट तयार झाली.

संशोधन संस्थेच्या नकाशात काठीची तार आणि उतरंडीचं दुसरं टोक, म्हणजे वेगळं अर्थिंग असलेली लोखंडी चौकट, यांना थेट जोडणारी तांब्याची पट्टी दाखवलेली होती. ती असती तर खड्डा कोरडा पडूनही कुणी मेलं नसतं. पण मोटारी-ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्याला शिकवलेलं असतं की दोन अर्थिंग वेगळी ठेवायची, मिसळायची नाहीत. उजेडच्या लोकांनी तो जुना नियम इथेही पाळला. नकाशातली पट्टी त्यांना नकाशाची चूक वाटली. चौघांनी मिळून ती काढायचं ठरवलं होतं आणि अध्यक्षांनी मान डोलावली होती.

"म्हंजे त्रिंबकनं पाळी चुकवली, आन्‌ माणूस गेला," सर्जेराव म्हणाले. "आमीबी तेच म्हणतोय."

सत्यभामाबाई सगळ्यांना घेऊन मागे गेल्या. खापर बाजूला केलं. नरसाळ्यातलं कुंभारणीचं घर दाखवलं.

"हे घर एका दिवसात होतं," त्या म्हणाल्या. "पण हे भोक बघा. आतलं पिल्लू मोठं होऊन बाहेर पडलं की ते पडतं. त्याला आठवडे लागतात. इतक्या आठवड्यांत या नरसाळ्यात एक घागर जरी पडली असती, तर ही माती विरघळून गेली असती. पाळी एकाची चुकलेली नाही."

दूर रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला आणि सवयीने तिघांची मान तिकडे वळली, मग परत खाली आली.

पहिल्यांदा बायनाबाई बोलल्या. सुनेला ताप होता, टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून आपल्या पाळीच्या घागरी त्यांनी घरी नेल्या. एकदाच न्यायच्या होत्या. बाकी तिघे घालतातच की, एका दिवसाने खड्डा काय वाळतो. पुढच्या पाळीलाही तसंच वाटलं. टाळी बारीक झाली तेव्हा कळलं होतं. सांगितलं असतं तर आधी आपलंच सांगावं लागलं असतं.

धोंडीरामने गाईचं नाव घेतलं. गाईला पाजलं, असं तो म्हणाला आणि रडायला लागला, आणि शुक्रवारची पाळी त्रिंबकची नव्हती हे रडतानाच सांगून टाकलं. त्रिंबकनेही आपल्या पाळीचं कबूल केलं. शुक्रवारपर्यंत चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच आहोत.

"आणि शुक्रवारची?" बाईंनी विचारलं.

चौघांतले तीन तिथे उभे होते, तेव्हा उत्तर सगळ्यांना माहीतच होतं.

"त्यावरूनच भांडलो," त्रिंबक म्हणाला. "मला टाळीचा संशय आलता. म्हणलं, आज तरी खड्ड्याला घाल, चाचणी हाय. तो म्हणला, घरी बाळंतीण हाय, बाळाला न्हाऊ घालायचं हाय, उद्या तुझ्या पाळीला तू घाल. मी लई बोललो त्याला. मग म्हणलं, जा, ने. मीच म्हणलो, ने."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"मेलेल्या माणसाच्या नातवाच्या अंघोळीचं पाणी कोर्टात सांगू का, मॅडम? आन्‌ माझ्या घरी तरी काय गंगा वाहत होती? तेच पाणी मीबी नेलतं."

फौजदारांनी टोपी काढून पुन्हा घातली.

६

एक गोष्ट उरली होती. खड्डा शनिवारी ओला होता.

सत्यभामाबाईंनी ती तिथेच मांडली. पाणी घालणाऱ्याने ते नरसाळ्यात नव्हे, वरच्या मातीवर ओतलं होतं. चौघांपैकी कुणीही तसं केलं नसतं. पाणी कुठून घालतात ते धोंडीरामच्या हाताला न विचारता माहीत होतं. म्हणजे ओतणारा असा कुणी होता की ज्याने खड्ड्याला पाणी कधीच घातलं नव्हतं, पण तपासणीच्या आधी खड्डा ओला दिसला पाहिजे हे ज्याला कळत होतं, आणि ज्याच्याकडे टाकीची किल्ली होती.

सर्जेरावांनी नाकारलं नाही. खिशातून रुमाल काढला, मान पुसली.

"मी ओतलं. शनिवारी उजाडता. संस्थेचं नाव हाय, पन्नास घरं हायेत हिच्यावर. खड्डा कोरडा निघाला असता तर काम गेलं असतं."

"खड्डा कोरडा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं."

"कुणी सांगितलं?"

सर्जेरावांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. बाईंनी बोटावर मोजून दाखवलं नाही, पण हिशेब सरळ होता. बायनाबाई आणि धोंडीराम यांना फक्त आपापल्या पाळीचं ठाऊक होतं आणि दोघांचंही तोंड लाजेने शिवलेलं होतं. राधाकिशन मेला होता. त्रिंबक शुक्रवारी संध्याकाळपासून कोठडीत होता. तरीही शनिवारी उजाडायच्या आत कुणीतरी अध्यक्षांना सांगितलं होतं की खड्डा कोरडा होता, आणि शुक्रवारच्या घागरी कुठे गेल्या ते माहीत असलेलं एकच घर बाकी होतं. त्या माणसाला राधाकिशन कशाने मेला ते पोलिसांच्या आधी कळलं होतं, आणि ते कळूनही त्या माणसाने त्रिंबकला आत जाऊ दिलं.

"ज्यांनी सांगितलं त्यांना मी शब्द दिलाय," सर्जेराव शेवटी म्हणाले. "त्यांची लाज झाकायला मी पाणी ओतलं. माझीबी झाकली गेली, हे खरं हाय."

त्रिंबकला परत जीपमध्ये बसवलं. जीप फाटकातून बाहेर पडताना धोंडीराम बाजूने दोन पावलं चालला. त्रिंबकने त्याला हातानेच मागे जायला सांगितलं.

सत्यभामाबाईंनी अहवाल रविवारीच पूर्ण केला. खड्डा कोरडा होता, काठी आधी लावलेली असूनही माणूस मरू शकत होता, असं त्यात लिहिलं आहे. पण फौजदारांनी त्यांना साफ सांगितलं की अहवालाने काठीचं कोडं सुटतं, त्रिंबक सुटत नाही. खड्डा कोरडा असल्याचा संशय त्याला होता, हे त्याच्याच तोंडून निघालं आहे. पाणी घरी कुणी नेलं, शुक्रवारी कुणी नेलं आणि कुणाच्या सांगण्यावरून खड्डा वरून ओला केला, हे सांगणारी माणसं समोर येऊन बोलली पाहिजेत. शेडच्या मागे माळावर बोलणं वेगळं आणि ठाण्यात सहीनिशी बोलणं वेगळं. सोमवारी अकरापर्यंत या, असं सगळ्यांना सांगण्यात आलं.

सोमवारी सकाळी केजच्या ठाण्यात पहिल्या आल्या बायनाबाई. धुतलेलं लुगडं, पायात चपला नाहीत. बाहेरच्या बाकावर बसल्या. हवालदाराने आत बोलावलं तर सगळे आल्यावर जाते म्हणाल्या. धोंडीराम आला नाही. त्याचा मोबाइल बंद आहे. सर्जेराव सकाळीच बीडला वकिलाकडे गेल्याचं त्यांच्या घरून सांगण्यात आलं. सत्यभामाबाई अहवाल देऊन फाटकापाशी उभ्या होत्या.

पावणेअकराला काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून सरूबाई उतरल्या. घरातलं सुतक फिटलेलं नव्हतं. गावातली बाई अशा दिवसांत उंबरा ओलांडत नाही, हे जीपमधल्या माणसांच्या बघण्यावरून कळत होतं. सरूबाईंच्या कमरेवर घागर होती, लाल अक्षरांची. तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं ओलं होतं, म्हणजे आत पाणी होतं, आणि ते गळ्यापर्यंत होतं.

त्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं नाही. बाकापर्यंत आल्या. बायनाबाईंनी सरकून जागा केली. घागर दोघींच्या मध्ये ठेवली गेली. मग बायनाबाईंनी विचारलं, "बाळाला न्हाऊ घातलं का?"

"एका घागरीनं घातलं. शुक्रवारीच, ते असताना," सरूबाई म्हणाल्या. "ह्या दुसरीला हात लावला न्हाई."

अकरा वाजता हवालदाराने दारात येऊन विचारलं, आत कोण येतंय. सरूबाई उठल्या, घागर उचलली आणि आत गेल्या. दार लोटलेलं आहे. हे लिहीपर्यंत त्या बाहेर आलेल्या नाहीत, आणि त्रिंबकला कोर्टात नेणारी गाडी फाटकात उभी आहे.